दिसतंय का? ऐकू येतंय का? – व्हिडिओ कॉलची दीडशे वर्षं

मंडळी, आपल्यापैकी कोणाच्याही घरी रविवारी सकाळी डोकावलं तर एक संवाद हमखास कानावर पडतो. “आई, दिसतंय का?” “दिसतंय रे, पण ऐकू येत नाहीये.” “अगं, फोन जरा खाली धर, नुसता पंखा दिसतोय!” हे आता इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही नवल वाटत नाही. पण फोनवर माणूस दिसणं सोयीचं आहे का, आणि मुळात ते कोणाला हवं आहे का, हा प्रश्न टेलिफोन कंपन्यांनी कित्येक दशकं अगदी गंभीरपणे विचारला होता. उत्तर पुन्हा पुन्हा एकच येत होतं : नाही! त्या ‘नाही’पायी मोठमोठ्या कंपन्यांचे कोट्यवधी डॉलर बुडाले. मग हे ‘नाही’चं ‘हो’ कधी झालं, कसं झालं, आणि कोणामुळे झालं, याची ही गोष्ट. तिच्यात आपल्यासारख्या घर सोडून लांब आलेल्या लोकांचा वाटा बराच मोठा आहे.

चित्र आधी, यंत्र नंतर

ग्रॅहॅम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ साली. त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी, १८७८ च्या डिसेंबरात, लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाच्या वार्षिकात जॉर्ज द्यु मोरिए या चित्रकाराचं एक व्यंगचित्र आलं. त्यात एक म्हातारं जोडपं लंडनच्या घरात शेकोटीसमोर बसलंय. शेकोटीच्या वर भिंतभर लांब पडदा आहे आणि त्या पडद्यावर हजारो मैलांवरच्या सिलोनमधली त्यांची मुलं रॅकेट घेऊन खेळताना दिसताहेत. बाप हातातल्या नळीतून मुलीला हळूच विचारतोय की तिकडे जी गोड मुलगी खेळतेय ती कोण? मुलगी सांगते, ती नुकतीच इंग्लंडहून आली आहे, खेळ संपला की ओळख करून देते. चित्रकाराने या कल्पनेतल्या यंत्राला एडिसनचं नाव देऊन टाकलं होतं. एडिसनने असलं यंत्र कधी बनवलं नाही.

हे चित्र मला फार बोलकं वाटतं. जगातला हा बहुधा पहिलावहिला ‘व्हिडिओ कॉल’, निदान कागदावरचा, आणि त्यात व्यापारी नाहीत, मंत्री नाहीत. मायदेशी राहिलेले आईबाप आहेत आणि परदेशी गेलेली मुलं आहेत. विचारपूस तरी कसली? “मागून आत्ता कोण गेलं गं?” आजही आपल्या कॉलवर याहून वेगळं काय चालतं!

सोळा डॉलरची तीन मिनिटं

यंत्र प्रत्यक्षात आलं ते मात्र थेट बड्या लोकांच्या हाती. ७ एप्रिल १९२७ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे व्यापारमंत्री हर्बर्ट हूव्हर वॉशिंग्टनमध्ये कॅमेऱ्यासमोर बसून बोलले आणि न्यूयॉर्कमध्ये ‘ए टी अँड टी’ कंपनीचे अध्यक्ष वॉल्टर गिफर्ड यांनी त्यांचा चेहरा पाहिला. हूव्हरना गिफर्ड दिसत नव्हते. चित्र एकाच बाजूने जात होतं. जर्मनीने पुढची पायरी गाठली. तिथल्या टपाल खात्याने १९३६ मध्ये बर्लिन ते लाइपझिग अशी सामान्य लोकांसाठी चित्र-टेलिफोनची सेवा सुरू केली. दोन्ही शहरांत खास खोलीत जाऊन बसायचं आणि समोरासमोर बोलायचं. महायुद्ध सुरू झालं आणि १९४० मध्ये ती बंद पडली.

मोठा गाजावाजा झाला तो १९६४ मध्ये, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. ए टी अँड टीने तिथे ‘पिक्चरफोन’ मांडला आणि लोकांनी तो वापरून पाहायला रांगा लावल्या. त्याच वर्षी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागो या शहरांत पिक्चरफोनची केंद्रं उघडली. आधी वेळ ठरवायची, समोरच्यानेही त्याच वेळी आपल्या शहरातल्या केंद्रावर यायचं. दर होता तीन मिनिटांना, शहरांच्या अंतराप्रमाणे, १६ ते २७ डॉलर. तेव्हा डॉलरला पावणेपाच रुपये पडत. म्हणजे तीन मिनिटं नुसता चेहरा बघायला किमान ७५ रुपये. एवढ्यात आपल्याकडे त्या काळी एखाद्या घराचं महिन्याचं वाणसामान आलं असतं. गिऱ्हाइकं फिरकेनात.

कंपनीने हार मानली नाही. १९७० मध्ये पिट्सबर्गमधल्या कचेऱ्यांसाठी टेबलावर ठेवायचा पिक्चरफोन निघाला. भाडं महिन्याला १६० डॉलर, त्यात फक्त ३० मिनिटं, पुढे मिनिटाला २५ सेंट. १९८० पर्यंत असे दहा लाख फोन लागतील असा कंपनीच्या धुरिणांचा होरा होता. प्रत्यक्षात पाचशेसुद्धा लागले नाहीत.

याची कारणं पाहण्यासारखी आहेत, कारण पुढे मोबाईलवर तीच पुन्हा आडवी आली. पहिलं, चित्र फार जागा खातं. एका पिक्चरफोनच्या एका चित्राला तारेवर जेवढी जागा लागे, तेवढ्यात अडीचशे-तीनशे लोकांचं साधं बोलणं मावत असे. मग स्वस्त कसं होणार? दुसरं, फोन एकट्याने घेऊन उपयोग नाही. समोरच्याकडेही तोच हवा, आणि समोरचा म्हणतो, आधी तू घे. तिसरं कारण माणसाच्या स्वभावातलं. ज्यांना रोज भेटता येतं किंवा ज्यांच्याशी नुसतं कामापुरतं बोलायचंय, त्यांचा चेहरा बघायला जादा पैसे कोण मोजणार? शिवाय फोन वाजला की केस नीट करा, शर्ट घाला, ही कटकट वेगळीच.

गंमत अशी की कलावंतांना मात्र खरं गिऱ्हाईक कोण ते बरोबर कळलं होतं. स्टॅनली कुब्रिकच्या १९६८ मधल्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या सिनेमात एक शास्त्रज्ञ अंतराळ स्थानकावरून चित्र-फोन लावतो तो पृथ्वीवरच्या आपल्या छोट्या मुलीला, तिच्या वाढदिवसासाठी!

आपली तीन मिनिटं

अमेरिकेत हे चाललं होतं तेव्हा आपल्याकडे नुसता आवाज ऐकू येणं हाच सोहळा होता. या कहाणीत महाराष्ट्रातल्या गावांची नावं येतात, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. १९२७ मध्ये पुण्याजवळ खडकीला संदेश पाठवणारं आणि दौंडला संदेश घेणारं अशी बिनतारी केंद्रं सुरू झाली आणि इंग्लंडशी लघुलहरींवरून संपर्क जुळला. १९३३ मध्ये मुंबई-लंडन बिनतारी टेलिफोन सुरू झाला. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर तालुक्यात आर्वी इथे उपग्रहामार्फत परदेशी संपर्क साधणारं भूकेंद्र उभं राहिलं. त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं. आपल्या आधीच्या पिढीने इथून घरी लावलेले कित्येक कॉल त्या डोंगराळ मुलखातल्या भल्यामोठ्या तबकडीतून उतरले असणार.

ज्येष्ठ मंडळींना ते दिवस आठवत असतील. ट्रंक कॉल बुक करायचा आणि तासन् तास वाट बघायची. घरी फोन नसेल तर शेजारच्यांचा पी. पी. नंबर. शेजारचा मुलगा धावत जाऊन आईला बोलावून आणणार, तोवर इकडे घड्याळ चालू. इथेही आकारणी किमान तीन मिनिटांची! त्या तीन मिनिटांत “कसा आहेस?”, “बरा आहे, तुम्ही कसे?”, “आम्ही बरे, बिल चढतंय, ठेवते” यापलीकडे फारसं काही व्हायचंच नाही. परदेशी फोनवरची विदेश संचार निगमची मक्तेदारी २००२ मध्ये संपली, दर घसरले आणि देशी दुकानात भाजीबरोबर कॉलिंग कार्डं मिळायला लागली. खरवडून पिन नंबर काढायचा आणि कार्ड संपत आल्याचं सांगणारी ती बाई बोलणं तोडण्याआधी आईचा निरोप घ्यायचा. मिनिटांचा काच सैल झाला, पण सुटला नव्हता.

मोबाईलवरचा फसलेला मुहूर्त

चित्र-फोन खिशात आला तो जपानमध्ये. १९९९ च्या मे महिन्यात क्योसेरा कंपनीने बोलणाऱ्याचा चेहरा पाठवू शकणारा मोबाईल विकायला काढला, किंमत ४०,००० येन. चित्र जायचं सेकंदाला दोन. म्हणजे चेहरा हलायचा तो जुन्या काळच्या सिनेमापेक्षाही अडखळत. ऑक्टोबर २००१ मध्ये जपानच्याच एन टी टी डोकोमोने तिसऱ्या पिढीची, म्हणजे थ्री-जी मोबाईल सेवा सुरू केली आणि व्हिडिओ कॉल तिचं मुख्य आकर्षण ठरवलं. युरोपात तर व्हिडिओ कॉल चालणं ही कंपन्यांची निकड होती. ब्रिटनमध्ये २००० साली थ्री-जीच्या परवान्यांचा लिलाव झाला आणि सरकारच्या तिजोरीत साडेबावीस अब्ज पौंड आले. तो पैसा कुठून तरी वसूल करायचा होता. ‘थ्री’ नावाच्या कंपनीने मुहूर्तही साधला तो ३ मार्च २००३, म्हणजे तीन-तीन-तीन! जाहिराती झाल्या, हातात मावतील न मावतील असे फोन आले. लोकांनी मात्र ते साध्या बोलण्यासाठीच वापरले.

का? तांत्रिक बाजू अशी की त्या व्हिडिओ कॉलला सेकंदाला ६४ किलोबिट एवढीच वाट मिळायची आणि चित्र असायचं १७६ गुणिले १४४ ठिपक्यांचं. टपालाच्या तिकिटावर कोणी हसतंय की रडतंय ते ओळखायचं! दोघांकडे थ्री-जी फोन हवा, दोघं थ्री-जीच्या टापूत हवेत, बॅटरी टिकायला हवी. आणि मिनिटाचं मीटर होतंच. शिवाय मोबाईल हा चालता-फिरता वापरायचा. बसमध्ये हात लांब करून चेहऱ्यासमोर फोन धरायचा आणि समोरच्याचं बोलणं आख्ख्या बसला ऐकवायचं, हे कोणाला आवडणार? कंपन्यांनी फारशी आशा न ठेवलेला एसएमएस धो धो चालला, कारण तो गुपचूप पाठवता यायचा. आणि ज्या टोपीवर व्हिडिओ कॉलचा तुरा खोवला होता, ती टोपी लोकांनी घातलीच नाही.

भारतात सरकारी एमटीएनएलने डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत थ्री-जी सुरू केलं. २०१० मध्ये लिलाव झाला आणि सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले. खाजगी कंपन्यांनीही व्हिडिओ कॉलच्या जाहिराती केल्या. पण त्याच सुमारास आपले आईबाप दुसऱ्याच वाटेने आपल्याला बघायला लागले होते.

हॉलमधला कॉम्प्युटर

ती वाट म्हणजे स्काइप. ऑगस्ट २००३ मध्ये आलं तेव्हा त्यात नुसता आवाज होता. २००६ च्या सुरुवातीला चित्र आलं. फुकट! सुट्टीत घरी जाताना बॅगेत बदाम-चॉकलेटांबरोबर वेबकॅम जायला लागला. घरोघरी हॉलच्या कोपऱ्यात, भरतकामाच्या आच्छादनाखाली, कॉम्प्युटर बसला. तो सुरू करून द्यायला शेजारचा कॉलेजातला मुलगा यायचा आणि त्याबद्दल त्याला लाडू मिळायचा. आपल्या पूर्व किनाऱ्यावरून साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक, म्हणजे आपली रविवारची सकाळ ही त्यांची संध्याकाळ. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून वेळेआधी येऊन बसायचे.

चित्र अडकायचं, आवाज आधी आणि ओठ नंतर हलायचे, मध्येच वीज जायची. म्हणजे ‘सोयीचं आहे का?’ या प्रश्नाला उत्तर अजूनही धड ‘हो’ नव्हतं. तरी लोक दर रविवारी बसत होते. पिट्सबर्गच्या साहेबांना जे नको होतं त्यासाठी सातारा-सांगलीचे, ठाण्या-नागपूरचे आजीआजोबा एवढा खटाटोप आनंदाने करत होते. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातली खरी कलाटणी इथे आहे. मीटर थांबलं की व्हिडिओ कॉलचा उपयोगच बदलतो. तीन मिनिटांत निरोप सांगायचा असतो, त्याला आवाज पुरतो. तासभर फुकट असेल तर काही न सांगताही बसता येतं. आई पोळ्या लाटतेय, नात समोर रंगवत बसलीय, मधूनच एखादं वाक्य. हे ‘बोलणं’ नव्हेच, हा सहवास. तो द्यायला चेहरा लागतो.

बहिऱ्या माणसांना तर हे कोणी पटवून द्यावंच लागलं नाही. हातांच्या खुणांनी बोलणाऱ्याला साध्या टेलिफोनचा काय उपयोग? इतरांसाठी जो जादा थाट होता तो त्यांच्यासाठी पहिलाच खरा फोन होता. अ‍ॅपलने २०१० मध्ये फेसटाइम आणलं तेव्हाच्या जाहिरातीत एक जोडपं खुणांच्या भाषेत बोलताना दाखवलं होतं, आणि नातवंडं बघणारे आजीआजोबाही. अखेर कंपन्यांनाही गिऱ्हाईक सापडलं होतं! सुरुवातीला फेसटाइम फक्त वायफायवर चालायचं. स्टीव्ह जॉब्जना भर सभागृहात लोकांना वायफाय बंद करायची विनंती करावी लागली होती, तेव्हा कुठे प्रात्यक्षिक नीट झालं.

भारतात चित्र पालटलं ते २०१६ मध्ये, दोन महिन्यांच्या अंतराने घडलेल्या दोन गोष्टींमुळे. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि इंटरनेट जवळपास फुकट झालं. नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला. व्हॉट्सअ‍ॅप तर आधीच प्रत्येकाच्या फोनमध्ये होतं, त्यामुळे ‘आधी तू घे’ हा तिढाच उरला नाही. शेजारच्या मुलाचा लाडूही गेला. ज्याने वाट दाखवली ते स्काइप ५ मे २०२५ रोजी कायमचं बंद झालं.

तंत्र आलं म्हणजे सगळ्यांना मिळालं असं मात्र नाही. संयुक्त अरब अमिरातींत इंटरनेटवरून बोलण्यावर अनेक वर्षं निर्बंध राहिले, त्यामुळे दुबई-अबुधाबीतल्या आपल्या बांधवांना व्हॉट्सअ‍ॅप असूनही त्यावर घरचा चेहरा बघता येत नव्हता. परवाना असलेल्या अ‍ॅपला पैसे भरावे लागत. घरापासून लांब राहून महिनाअखेर हिशेब जुळवणाऱ्या कामगाराला त्याची गरज सर्वांत जास्त होती.

दिसणं आणि भेटणं

मग आली करोनाची साथ. झूमच्या बैठकांत रोज होणारे सहभाग डिसेंबर २०१९ मध्ये एक कोटीच्या घरात होते, ते एप्रिल २०२० मध्ये तीस कोटींवर गेले. कंपन्यांनी १९७० मध्ये पाहिलेलं कचेरीचं स्वप्न पन्नास वर्षांनी खरं झालं, आणि लोक लगेच त्याला वैतागलेही. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या थकव्याची चार कारणं मांडली : सतत अगदी जवळून रोखलेल्या नजरा, दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर, एका जागी खिळून बसणं, आणि साध्या मानेच्या होकारालाही करावी लागणारी जास्तीची खटपट. पण नातवाचं रांगणं बघताना असा थकवा आल्याची तक्रार मी तरी कुठल्या आजीकडून ऐकली नाही. तेच यंत्र, तोच पडदा. फरक पडतो तो समोर कोण आहे याने.

त्याच काळात आपल्यावर जे गुदरलं ते विसरता येणार नाही. मार्च २०२० मध्ये भारताने नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली, ती पूर्ववत झाली मार्च २०२२ मध्ये. मधल्या काळात मोजकीच विमानं होती, तिकीट मिळणं नशिबाचं. आपल्यातल्या कितीतरी जणांनी आईचं किंवा वडिलांचं शेवटचं दर्शन हातातल्या फोनवर घेतलं. तिकडे एखादा भाचा पीपीई किटमध्ये फोन धरून उभा होता. तेवढं तरी दिसलं म्हणून कोणी देवाचे आभार मानले, तर कोणी म्हणालं, नसतं दिसलं तर बरं झालं असतं. दोघांचंही खरं होतं.

म्हणूनच, व्हिडिओ कॉल सोयीचा आहे का या प्रश्नाचा निकाल लागला असला तरी आपल्यापुरता एक प्रश्न उरतो. “रोज दिसतोस की, कशाला एवढा खर्च करून येतोस?” असं हल्ली आईवडीलच म्हणतात, आणि आपल्यालाही ते सोयीचं वाटतं. पण कॅमेऱ्याला जेवढं दाखवावं तेवढंच दिसतं. आई फोन नेहमी हॉलमधल्या चांगल्या उजेडात टेकवून बसते. खुर्चीतून उठताना ती कशाकशाला धरते, औषधाच्या पुड्या किती वाढल्यात, फ्रीजमध्ये काय आहे, वडील तीच गोष्ट दिवसातून कितीदा विचारतात, हे त्या चौकटीत येत नाही. ते घरी जाऊन चार दिवस राहिल्यावरच कळतं. ‘पंच’मधल्या त्या म्हाताऱ्यालाही पडद्यावर खेळ दिसत होता, मुलीचा संसार कसा चाललाय ते नव्हे.

हे काही व्हिडिओ कॉलला नावं ठेवण्यासाठी लिहीत नाही. इथे जन्मलेली आपली नातवंडं-पुतवंडं आज जे चार शब्द मराठी बोलतात त्यात आजीच्या रविवारच्या गोष्टींचा हात मोठा आहे. खडकी-दौंडच्या तारांपासून आजच्या फोनपर्यंत ज्यांनी ज्यांनी ही वाट बांधली त्यांचं आपल्यावर ऋणच आहे. फक्त तिची मर्यादा ओळखून ती वापरावी. अधूनमधून म्हणावं, “आई, फोन घेऊन जरा स्वयंपाकघरात चल की.” अंगण दाखव म्हणावं, चालून दाखव म्हणावं. आणि जमेल तेव्हा, जमेल तितक्यांदा, विमानाचं तिकीट काढावं.

या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला फोन जरूर लावा. ओवाळणीचं ताट पडद्यासमोर धरा, तिकडची रांगोळी बघा, फराळात यंदा कोणाची चकली फसली तेही विचारा. आणि बोलता बोलता पुढच्या खेपेची तारीख सांगून टाका. सर्वांना दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!